वाचकाचे मौन

आमच्या माळव्यातील कोणत्याही मराठी मंडळाच्या वार्षिक सभेस जावे, तेथे एक तक्रार हमखास ऐकू येते. सभासद येतात, ऐकतात, चहा घेतात आणि जातात. बोलत मात्र कोणी नाही. अंक घरोघर पोहोचतो, तो वाचला जातो याचा पुरावाही अधूनमधून मिळतो. परंतु संपादकांच्या नावे पत्र म्हणून येत नाही. मग अध्यक्ष खेदपूर्वक म्हणतात की, आपला वाचक उदासीन झाला आहे. या निदानाशी आमचा मतभेद आहे. उदासीन मनुष्य मुळात येतच नाही. जो गृहस्थ दर महिन्यास माधवनगरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालत येतो आणि दीड तास मागच्या ओळीत बसून राहतो, त्यास उदासीन म्हणणे हे निदान नव्हे, तो केवळ विचाराचा आळस आहे. आणि तो आळस वाचकाचा नसून व्यासपीठावर बसणाऱ्या आमचा आहे.

या विषयावर लिहिण्यापूर्वी आमच्याच पदरचा एक दोष सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी येथील एका लहानशा वाचकमंडळात शरच्चंद्र मुक्तिबोधांच्या 'क्षिप्रा' या १९५४ सालच्या कादंबरीवर चर्चा ठेविली होती. उज्जयिनीच्या मराठी माणसास त्या नावाविषयी जिव्हाळा वाटावा हे स्वाभाविकच. अध्यक्षस्थान आमच्याकडे होते. मुख्य व्याख्यान संपल्यावर आम्ही रीतीप्रमाणे विचारले, "कोणास काही बोलावयाचे आहे काय?" आणि रीतीप्रमाणे कोणी बोलणार नाही असे गृहीत धरून आभाराच्या कागदाकडे हात नेला. तोच मागच्या ओळीतून रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले. तीन वर्षे ते नियमाने येत. त्यांचा आवाज आम्ही तोपर्यंत ऐकला नव्हता. ते म्हणाले, "हे पुस्तक मी दोन वेळा पढले." तीस वर्षांच्या मास्तरकीची सवय, आमच्या तोंडून निघून गेले, "वाचले म्हणा." सभागृहात हशा पिकला. त्यात कुत्सितपणा नव्हता, हे आम्ही शपथेवर सांगू. ते गृहस्थही हसले, आणि खाली बसले. एक कादंबरी दोनदा वाचून या मनुष्यास काय सांगावयाचे होते, हे आम्ही विचारले नाही. दुसऱ्या कोणीही विचारले नाही. पुढच्या महिन्यात ते येऊन मुकाट्याने बसले. त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांची खुर्ची रिकामी होती.

घरी आल्यावर आम्हांस सुचले की, 'पढणे' हा शब्द मराठीस परका नाही. पाठ करणे, शिकणे या अर्थी तो आपल्या जुन्या वाङ्मयात आहे. 'पढवणे', 'पढीक' हे शब्द अजून चालतात. समर्थांनी तर दासबोधात पढतमूर्खाच्या लक्षणांसाठी एक अख्खा समास खर्च केला आहे. त्या सायंकाळी सभेत पढतमूर्ख कोण होता, हे सांगावयास नकोच.

ही हकीकत आम्ही विस्ताराने सांगितली, कारण आमच्या प्रदेशातील वाचकाच्या मौनाचे एक खास कारण तीत आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरकडे हलविली, तोपर्यंत उज्जयिनी ही शिंदेशाहीची राजधानी होती. त्या काळापासून आणि त्यानंतरही येत राहिलेली मराठी घराणी येथे आहेत. त्यांच्या घरात मराठी, ओट्यावर माळवी आणि शाळेत हिंदी. अशा घरातील मनुष्यास ज्ञानेश्वरीवरील प्रवचन कळते, नाट्यगीत कळते, अग्रलेख कळतो. परंतु चारचौघांत तोंड उघडावे तर आपली मराठी 'शुद्ध' नाही ही धास्ती त्याचा गळा धरते. पुण्यामुंबईच्या वाचकाचे मौन निराळ्या कारणांनी असेल. आमच्या वाचकाचे मौन हे बहुधा लाजेचे आहे, आणि ती लाज त्यास आम्ही शिक्षकांनीच पढविली आहे. तो घरी मुलांशी हळूहळू हिंदीतच बोलू लागतो, कारण तेथे त्यास कोणी दुरुस्त करीत नाही. गजानन माधव मुक्तिबोध आणि शरच्चंद्र मुक्तिबोध हे सख्खे भाऊ. एक हिंदीचा थोर कवी झाला, दुसरा मराठीचा कवी आणि मीमांसक. १९४३ सालच्या 'तारसप्तक'मधील सात कवींपैकी गजानन माधव आणि आमच्या माधव महाविद्यालयात अध्यापन केलेले प्रभाकर माचवे या दोघांची मातृभाषा मराठी. हिंदीची ही मिळकत आम्हांस अभिमानास्पदच वाटते, आणि एवढ्या मोठ्या प्रतिभेच्या भाषानिवडीस एकच कारण चिकटविण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण सामान्य घरांतील मुलगा जेव्हा मराठी सोडतो, तेव्हा तो प्रतिभेच्या ओढीने सोडत नाही. ती भाषा बोलताना त्यास कोणीतरी हसलेले असते.

आता थोडे शास्त्राकडे वळू. आपल्या साहित्यशास्त्राने वाचकास 'सहृदय' हे सुंदर नाव दिले आणि रसाचे अधिष्ठानच त्याच्या ठिकाणी कल्पिले. अभिनवगुप्ताचा सहृदय म्हणजे काव्याच्या अभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे असा तन्मय होणारा रसिक. हा गौरव मोठा खरा; परंतु आरशाने करावयाचे काम एकच, प्रतिबिंब घेणे. आरसा बोलत नाही. सहृदयास रस घेण्याचा अधिकार मिळाला, त्याविषयी बोलण्याचे काम मात्र टीकाकाराकडे गेले. मराठी समीक्षेने हाच वारसा उचलला, असे आमचे मत आहे.

वास्तविक मराठी वाङ्मयाचा आरंभ याच्या अगदी उलट रीतीने झालेला आहे. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे अवधान मागून सुरू होतो. निवृत्तिनाथ मधूनच बोलतात, श्रोते संतोष व्यक्त करतात, वक्ता त्यांची क्षमा मागून पुढे जातो. ग्रंथात श्रोता जिवंत बसला आहे. आणि 'लीळाचरित्र' तर श्रोत्यांनीच दिलेला ग्रंथ आहे. चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाने त्यांच्या लीळा गोळा केल्या, त्या कशा? ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांच्याकडे जाऊन, प्रत्येकास विचारून. दोघांच्या आठवणींत फरक पडला तर तो फरकही नोंदविला. ज्या माणसांनी जन्मात ओळ लिहिली नव्हती त्यांच्या मुखातून मराठीतील आद्य गद्यचरित्र सिद्ध झाले. त्यांतील स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे, आणि महदाइसेसारखी जिज्ञासू शिष्या प्रश्नावर प्रश्न विचारीत नसती तर स्वामींच्या कितीतरी निरूपणांस आपण मुकलो असतो. म्हाइंभटांनी सभेत उभे राहून "कोणास काही सांगावयाचे आहे काय?" असे पुकारले असते, तर लीळाचरित्र झाले असते काय? ते एकेकाच्या दारी गेले आणि त्यांनी नेमके विचारले. आमच्या मंडळांच्या चिटणिसांनी हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मुद्रणाचे युग आले आणि वाचक पुन्हा दूर गेला. तथापि पत्ररूपाने बोलण्याची एक खिडकी त्यास मिळाली. या खिडकीचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, परंतु अर्धाच सांगतो. १८४८ साली पंचवीस वर्षांच्या गोपाळ हरी देशमुखांनी भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकास पत्रे लिहावयास आरंभ केला आणि १८५० पर्यंत शंभरावर पत्रे प्रसिद्ध झाली. 'लोकहितवादी' हे नाव अजरामर झाले. परंतु एका तरुण सरकारी नोकराची, त्याच्या स्वतःच्या समाजावर कोरडे ओढणारी पत्रे दोन वर्षे छापीत राहणारा संपादक कोणाच्या स्मरणात असतो? आमच्या मते शतपत्रांचे अर्धे श्रेय भाऊ महाजनांचे आहे. पहिले पत्र लिहिण्यास लेखकाचे धैर्य लागते. शंभरावे पत्र लिहिले जाण्यास संपादकाचे लागते.

याच्या शेजारी ताराबाई शिंद्यांचे उदाहरण ठेवावे. त्या बुलढाण्याच्या. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला, आणि त्यानिमित्त 'पुणेवैभव' पत्राने समग्र स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. ताराबाईंनी ते वाचले. वऱ्हाडातील एका घरात बसून पुण्याचे पत्र वाचणारी स्त्री ही मूक वाचक नव्हे तर कोण? त्या वाचकाने उत्तर दिले ते 'स्त्रीपुरुषतुलना' या पुस्तकाने, १८८२ साली. भाषा रोखठोक, बोलीच्या वळणाची, म्हणींनी भरलेली. आजही ते पुस्तक हाती घेतले की समोर कोणी उभे राहून जाब विचारीत आहे असा भास होतो. त्यास उत्तर काय मिळाले? निंदा आणि उपहास. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, हा अपवाद. पुढे ताराबाईंचे एकही पुस्तक नाही. ते एकमेव पुस्तकही विस्मरणात गेले, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केल्यानंतरच ते अभ्यासकांच्या दृष्टीस आले. त्र्याण्णव वर्षे! लोकहितवादी पुरुष, ब्राह्मण आणि सरकारी नोकर होते. तेव्हा ही तुलना सर्वस्वी समान भूमीवरची नाही, हे आम्ही जाणतो. तरीही एवढे दिसतेच की, दोघेही मुळात वर्तमानपत्राचे वाचक. एकास 'पुढे लिहा' म्हणणारा भेटला, दुसरीस हसणारे भेटले.

त्याच १८८५ सालची आणखी एक गोष्ट. पुण्यात ग्रंथकारांची दुसरी सभा भरणार होती आणि तिचे निमंत्रण जोतीरावांना गेले. त्यांनी येण्याचे नाकारले, ते पत्राने, आणि ते पत्र 'ज्ञानोदया'त छापले गेले. ज्या बहुजनांच्या मानवी हक्कांचा जेथे विचारच नाही, त्यांनी तेथे येऊन काय साधावे, असा त्याचा भावार्थ. तेव्हा सभेत न दिसणारा प्रत्येक मनुष्य लाजाळू असतो असेही समजू नये. कित्येकदा तो विचारपूर्वक दूर राहिलेला असतो, आणि त्याच्या मौनात आमच्यावरील अभिप्राय असतो. आमच्या मंडळांच्या सभासदपटावर एकदा दृष्टी टाकावी. आडनावांचा संकोच तेथे सहज दिसून येईल.

वाचकाच्या प्रश्नाची किंमत संपादकास केवढी मोजावी लागते, याचे टोकाचे उदाहरण र. धों. कर्व्यांचे. 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत चालविले. जे प्रश्न मनुष्य वैद्यासही विचारण्यास धजत नसे ते वाचक त्यांना लिहून विचारीत, आणि कर्वे त्यांची छापील उत्तरे देत. १९३४ साली अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला; त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. निकाल विरुद्ध गेला, मासिक थांबले नाही. कर्व्यांच्या सर्व मतांशी सहमत असण्याची आवश्यकता नाही. पण वाचक ज्यास लिहितो तो संपादक कसा असावा, हे त्यांच्याकडून शिकावे. आमच्या नियतकालिकांतील पत्रव्यवहाराचे पान आज काय सांगते? 'अंक सुरेख निघाला', 'मुखपृष्ठ मनोवेधक आहे', 'आपले कार्य स्पृहणीय आहे'. अशी पाच पत्रे ओळीने छापली म्हणजे सहाव्या वाचकास नेमका बोध होतो की येथे स्तुती हवी आहे, मत नको. मग ज्याच्याजवळ मत आहे तो गप्प बसतो.

समीक्षेच्या भाषेविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ सालच्या ग्रंथापासून मराठी समीक्षेस जी तात्त्विक खोली आली तिचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. शरच्चंद्र मुक्तिबोधांचा 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' हा ग्रंथ आम्ही आजही आदराने उघडतो, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर काही पृष्ठे तीन वेळा वाचतो. शास्त्रास परिभाषा हवीच. पण परीक्षण लिहिताना, म्हणजे एका वाचकाने दुसऱ्या वाचकास पुस्तकाविषयी सांगताना, तीच परिभाषा वापरली की ऐकणाऱ्यास वाटते, हे बोलण्यास परवाना लागतो. शिवाय आमचे हे 'आम्ही'! विष्णुशास्त्र्यांनी 'निबंधमाले'चे चौऱ्याऐंशी अंक ज्या ऐटीत लिहिले ती ऐट त्यांस शोभली. परंतु टीकाकाराच्या 'आम्ही'त वाचकास न विचारताच सामील करून घेतलेले असते. त्यामुळे त्याने निराळे बोलण्यास जागाच उरत नाही. प्रस्तुत लेखातही आम्ही तेच करीत आहो. जडलेली खोड, दुसरे काय.

यावर एक आक्षेप येईल की, सर्वांना बोलू दिले तर पातळी खालावेल. आम्हांस तशी भीती वाटत नाही. लेखाची भाषा आणि पत्राची भाषा यांत भेद करता येतो. शुद्धलेखन संपादकाने सुधारावे. वळण सुधारू नये. माळव्यातील वाचकाच्या पत्रात हिंदीची छटा आली तर ती त्याच्या घराची खूण आहे, आणि उद्याच्या भाषाभ्यासकास तिचा उपयोगच होईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: काहींना बोलावयाचेच नसते, त्यांना का छळावे? हे मात्र आम्हांस मान्य आहे. पुस्तक वाचून ते मनात मुरू देणारा वाचक कोणाचे काही देणे लागत नाही. ग्रंथालयातील जुन्या पुस्तकांच्या समासात पेन्सिलीच्या बारीक रेघा, एखादे 'छान', एखादे 'खोटे!' आढळते. ग्रंथपाल त्यावर दंड करतात, व नियमाने ते योग्यच. पण त्या रेघा पाहिल्या की आमची खात्री पटते की, मूक वाचक मुका नाही. त्याचे बोलणे चालूच असते. आमच्यापर्यंत पोहोचत नाही एवढेच.

ते पोहोचावे यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. वर्गात "समजले का?" असे विचारले की पन्नास माना डोलतात, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे; तो प्रश्नच नव्हे, ती तास संपल्याची घंटा. त्याऐवजी "हा म्हातारा घर सोडताना मागे वळून का पाहत नाही?" असे विचारावे, मग शेवटच्या बाकावरून हात वर येतो. उत्तर चुकले तरी चालेल असे मुलास आधी दिसले पाहिजे, आणि ते दिसते आधीच्या चुकलेल्या मुलाचे आम्ही काय केले यावरून. सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळेतील मुक्ता साळवे हिने वयाच्या चौदाव्या वर्षी मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदया'ने छापला. त्या निबंधाची धार पाहता एक गोष्ट निश्चित वाटते: त्या शाळेत तिच्या पहिल्या वाक्यास कोणी हसले नव्हते.

हेच मंडळात करावे. चर्चेपूर्वी एक लहानसा, उत्तर देता येईल असा प्रश्न चिठ्ठीवर द्यावा. नाव घालण्याची सक्ती नसावी. 'कादंबरीविषयी आपले मत' असे विचारू नये. 'आपण कोणत्या पानावर थांबलात आणि का' असे विचारावे. आम्ही दोन वर्षे असे करीत आहो. पहिल्या खेपेस चार चिठ्ठ्या आल्या, त्यांतील दोन कोऱ्या. अलीकडे दहाबारा येतात. त्या जशाच्या तशा वाचून दाखवितो. 'पढले' असेल तर 'पढले'. एका चिठ्ठीत कोणी भगिनीने लिहिले होते की, नायिका सकाळी स्वयंपाक करून नऊ वाजता बाहेर पडते, तर लेखकाने भांडी कोण घासते हे कोठेच सांगितलेले नाही. त्या कादंबरीवरील तीन परीक्षणे आम्ही वाचली होती; हा प्रश्न एकातही नव्हता. अकादमीच्या या नियतकालिकानेही दर अंकात एक पृष्ठ अशा पत्रांसाठी राखावे, प्रत्येक नव्या पत्रलेखकास संपादकांनी हाताने दोन ओळींचे उत्तर धाडावे, आणि विरुद्ध मताचे पत्र स्तुतिपत्राच्या आधी छापावे, अशी आमची विनंती आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे सोहळे आपण येथेही केले. त्या सोहळ्यांतही मागच्या ओळी गप्पच होत्या.

त्या रेल्वेतील गृहस्थांकडे आम्ही गेलो. जावयास फार उशीर केला, हे कबूल करतो. 'क्षिप्रा'ची मंडळाची प्रत बरोबर नेली होती. त्यांनी आदराने बसविले, चहा केला, नातवास बोलावून "सरांना नमस्कार कर" म्हणाले. नातू हिंदीत काहीतरी पुटपुटून आत पळाला. इकडच्यातिकडच्या गोष्टी झाल्यावर आम्ही म्हणालो, "त्या दिवशी आपण या पुस्तकाविषयी काही सांगणार होता. ते ऐकावयास आलो आहे." त्यांनी पुस्तक हाती घेतले, चाळले, दोन ठिकाणी थांबले, आणि मिटून परत दिले.

"आता आठवत नाही, सर," ते म्हणाले.